श्रीपाद अमृत डांगे

श्रीपाद अमृत डांगे (१० ऑक्टोबर १८९९ – २२ मे १९९१) हे भारतातील कम्युनिस्ट चळवळीच्या संस्थापक पिढीतील नेते, कामगार पुढारी, लेखक आणि संसदपटू होते. कार्यकर्त्यांत व गिरणी कामगारांत ते ‘कॉम्रेड डांगे’ या नावाने ओळखले जात. रशियातील १९१७ च्या बोल्शेविक क्रांतीचा अर्थ भारतीय वाचकांस समजावून देण्याचा प्रारंभीचा प्रयत्न त्यांनी वयाच्या एकविसाव्या वर्षी केला. मुंबईच्या कापड गिरण्यांतील लाल बावट्याच्या युनियनचे ते सरचिटणीस होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते अग्रभागी होते आणि १९६२ मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे पहिले अध्यक्ष झाले. त्यानंतर दोन वर्षांतच पक्ष फुटला, आणि १९८१ मध्ये उरलेल्या पक्षाने आपल्या या ज्येष्ठ संस्थापकासच बाहेर काढले.

डांगे यांच्या चरित्रात चढती व उतरती अशा दोन्ही कमानी स्पष्ट दिसतात. पक्षाबाहेरील शक्तींशी जुळवून घेऊन व्यापक आघाडी उभारण्याचे कौशल्य हा त्यांच्या उत्कर्षाचा एक प्रमुख आधार होता. हेच धोरण पुढे सत्ताधारी पक्षाच्या पाठिंब्यापर्यंत गेले, तेव्हा ते त्यांच्या ऱ्हासाचे कारण ठरले.

पार्श्वभूमी व शिक्षण

डांगे यांचा जन्म नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील करंजगाव येथे झाला. उच्च शिक्षणासाठी ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात होते. तेथे बायबलच्या सक्तीच्या अध्यापनाविरुद्ध त्यांनी विद्यार्थ्यांची चळवळ उभी केली आणि त्यामुळे त्यांना महाविद्यालय सोडावे लागले. लोकमान्य टिळकांच्या राजकारणाचा त्यांच्या तरुण मनावर खोल संस्कार होता. १९२० मध्ये महात्मा गांधींनी असहकाराची हाक दिली, तेव्हा डांगे त्या चळवळीत सामील झाले.

‘गांधी विरुद्ध लेनिन’ आणि ‘सोशालिस्ट’

१९२१ मध्ये डांगे यांनी इंग्रजीत एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिचे शीर्षक ‘गांधी विरुद्ध लेनिन’ असे होते. दोघेही जनतेच्या दैन्याचा अंत करू इच्छितात, परंतु दोघांचे निदान व उपाय भिन्न आहेत, असा तिचा मुख्य मुद्दा होता. गांधींना आधुनिक यंत्रसंस्कृतीच दुःखाचे मूळ वाटते. लेनिन यंत्रांना दोष देत नाहीत; यंत्रांची मालकी मूठभरांच्या हाती असणे हा दोष ते मानतात. या तुलनेत डांगे यांचा कल लेनिनकडे होता, तरी टिळकांच्या राष्ट्रवादाचा ठसा पुस्तिकेवर होताच. त्या काळी भारतात मार्क्सचे ग्रंथ सहजासहजी मिळत नसत. रशियाविषयीच्या बातम्या बहुधा ब्रिटिश वृत्तसंस्थांमार्फत येत. अशा स्थितीत एका मराठी तरुणाने केलेली ही मांडणी लक्षवेधी ठरली.

पुस्तिकेमुळे मुंबईतील पिठाच्या गिरणीचे मालक रणछोडदास भवान लोटवाला यांचे लक्ष डांगे यांच्याकडे वेधले गेले. लोटवाला स्वतः समाजवादी साहित्याचे संग्राहक होते आणि त्यांनी डांगे यांना आर्थिक साहाय्य केले. ऑगस्ट १९२२ मध्ये डांगे यांनी ‘सोशालिस्ट’ हे इंग्रजी साप्ताहिक सुरू केले. भारतातील पहिल्या मार्क्सवादी नियतकालिकांत त्याची गणना होते.

याच सुमारास मानवेंद्रनाथ रॉय हे तिसऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे कॉमिन्टर्नच्या वतीने भारतातील विखुरलेल्या गटांना एकत्र आणण्याचा प्रयत्न करीत होते. मुंबईचे डांगे, कलकत्त्याचे मुझफ्फर अहमद, मद्रासचे सिंगारवेलू चेट्टियार आणि लाहोरचे गुलाम हुसेन यांच्याशी त्यांनी पत्रव्यवहार सुरू केला. ही पत्रे ब्रिटिश गुप्तचर खात्याच्या हाती पडत होती.

कानपूर बोल्शेविक कट खटला (१९२४)

अडवलेल्या पत्रांच्या आधारे सरकारने १९२४ मध्ये कानपूर येथे खटला उभा केला. हिंसक क्रांतीच्या मार्गाने सम्राटाची भारतावरील सत्ता उलथून टाकण्याचा कट, असा आरोप होता. मे १९२४ मध्ये डांगे, मुझफ्फर अहमद, शौकत उस्मानी व नलिनी गुप्ता यांना प्रत्येकी चार वर्षांची सक्तमजुरी झाली.

खटल्याचा उद्देश चळवळ मुळातच खुडून टाकणे हा होता. परिणाम काहीसा उलट झाला. न्यायालयातील वृत्तान्त वर्तमानपत्रांत छापून आले आणि ‘कम्युनिझम’ हा शब्द अनेक वाचकांना प्रथमच परिचित झाला. डिसेंबर १९२५ मध्ये कानपूरलाच कम्युनिस्टांची पहिली उघड परिषद भरली. भारतीय कम्युनिस्ट पक्ष हीच आपली स्थापना मानतो. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष मात्र १९२० मध्ये ताश्कंद येथे स्थापन झालेल्या गटापासून आपला इतिहास मोजतो. कानपूरची परिषद भरली तेव्हा डांगे कारागृहात होते. १९२७ मध्ये त्यांची सुटका झाली. याच कारावासातील काही पत्रे चाळीस वर्षांनी त्यांच्यासमोर पुन्हा उभी राहणार होती.

गिरणी कामगार युनियन आणि १९२८ चा संप

सुटकेनंतर डांगे मुंबईत कामगार-शेतकरी पक्षाच्या कामात पडले. त्या पक्षाचे ‘क्रांती’ हे मराठी साप्ताहिक त्यांनी संपादित केले. इंग्रजी पत्रातून सुशिक्षितांशी बोलणारा लेखक आता मराठीतून कामगारांशी बोलू लागला, हे स्थित्यंतर महत्त्वाचे आहे.

त्या वेळी मुंबईच्या कापड गिरण्यांत सुमारे दीड लाख कामगार होते. कोकण, सातारा व घाटावरील इतर भागांतून आलेला हा कामगार लालबाग, परळ, डिलाईल रोड येथील चाळींत राहत असे. कामावर घेणे वा काढणे जॉबरच्या हाती असे. वऱ्हाड-खानदेशच्या काळ्या जमिनीत पिकलेल्या कापसाचा एक वाटा याच गिरण्यांत जाई. त्यामुळे अकोला, अमरावती, दर्यापूर परिसरातील शेतकऱ्याच्या कापसाचा भाव आणि मुंबईच्या कामगाराची मजुरी ही दोन्ही एकाच बाजाराशी बांधलेली होती.

मंदीचे कारण देऊन गिरणीमालकांनी ‘कार्यक्षमते’ची योजना आणली. विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावेत आणि सूतकताई खात्यात एका कामगाराने अधिक चात्या सांभाळाव्यात, असे तिचे स्वरूप होते. कामगारांच्या दृष्टीने याचा अर्थ काही जणांची नोकरी जाणे व उरलेल्यांवर दुप्पट भार पडणे असा होता. एप्रिल १९२८ मध्ये संप सुरू झाला व पाहता पाहता सर्व शहरभर पसरला. मे महिन्यात लाल बावट्याखाली गिरणी कामगार युनियनची स्थापना झाली. अर्जुन आत्माराम आळवे हे गिरणी कामगार तिचे अध्यक्ष व डांगे सरचिटणीस झाले.

संपाच्या संयुक्त समितीत नेमस्त नेते ना. म. जोशी आणि कम्युनिस्ट नेते एकत्र होते. विचारांनी दूर असलेल्यांसह एका मागणीपत्रावर काम करण्याची डांगे यांची पद्धत येथे प्रथम ठळकपणे दिसते. याच वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी एक मूलभूत प्रश्न उपस्थित केला. अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता, कारण नवी कांडी भरताना धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगार विटाळ मानीत. कामगारांची एकजूट मागणाऱ्यांनी प्रथम ही भिंत पाडावी, असा आंबेडकरांचा आग्रह होता. त्यांच्या दबावामुळे हा प्रश्न संपाच्या वाटाघाटींत आला, परंतु तो प्रत्यक्षात सुटला नाही. वर्गाची भाषा बोलणाऱ्या चळवळीने जातीचा प्रश्न पुरेसा ओळखला नाही, ही टीका पुढेही डांगे व त्यांच्या सहकाऱ्यांवर होत राहिली.

सहा महिने चाललेला हा संप ऑक्टोबर १९२८ मध्ये मिटला आणि वादग्रस्त मुद्दे फॉसेट समितीकडे सोपविण्यात आले. वर्षअखेरीस युनियनची सभासदसंख्या पन्नास हजारांच्या वर गेली. त्या काळच्या भारतात कोणत्याही कामगार संघटनेसाठी हा आकडा असाधारण होता.

मीरत कट खटला (१९२९–१९३३)

२० मार्च १९२९ रोजी देशभर एकाच वेळी अटका झाल्या. पकडलेल्यांत डांगे, शां. स. मिरजकर, के. ना. जोगळेकर, र. शं. निंबकर, डॉ. गंगाधर अधिकारी व आळवे हे मुंबईचे नेते होते. फिलिप स्प्रॅट व बेन ब्रॅडली हे इंग्रज कार्यकर्तेही होते. गुन्ह्याचे क्षेत्र मुंबई-कलकत्ता असूनही खटला मीरतला चालवला गेला. ज्युरीची पद्धत टाळता यावी हा त्यामागील हेतू असल्याचे मानले जाते. नेते तुरुंगात गेल्यावर १९२९ चा दुसरा संप फसला आणि युनियन खिळखिळी झाली.

खटला जवळजवळ चार वर्षे चालला. आरोपींनी न्यायालयाचा उपयोग आपले तत्त्वज्ञान मांडण्यासाठी केला. जानेवारी १९३३ मध्ये डांगे यांना बारा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती तीन वर्षांवर आणली. १९३५ मध्ये ते मुक्त झाले. दरम्यान १९३४ मध्ये सरकारने कम्युनिस्ट पक्ष बेकायदा ठरविला होता.

१९३५ ते १९५१

७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई सरकारच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. या विधेयकाने संपाच्या हक्कावर बंधने येत होती. या दिवशी डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट एकत्र आले, आणि आंबेडकर व डांगे यांनी एकाच व्यासपीठावरून कामगारांपुढे भाषणे केली.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर महागाई भत्त्यासाठी १९४० मध्ये गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. त्यानंतर डांगे यांना अटक होऊन राजपुतान्यातील देवळी येथील स्थानबद्धता छावणीत ठेवण्यात आले (वर्धा जिल्ह्यातील देवळीशी या छावणीचा संबंध नाही). १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर आक्रमण केले, तेव्हा पक्षाने युद्धाला ‘लोकयुद्ध’ म्हटले आणि १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनापासून तो दूर राहिला. या भूमिकेची किंमत पक्षाला महाराष्ट्रात दीर्घकाळ मोजावी लागली. मॉस्कोच्या गरजेनुसार भारतातील धोरण ठरते, हा आक्षेप येथून कायमचा चिकटला.

१९४३ मध्ये सुटका झाल्यानंतर डांगे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे (आयटक) अध्यक्ष झाले आणि पुढे अनेक वर्षे तिचे सरचिटणीस होते. १९४६ मध्ये ते मुंबई विधानसभेवर निवडून आले. १९४८ मध्ये भालचंद्र त्र्यंबक रणदिवे यांच्या नेतृत्वाखाली पक्षाने सशस्त्र उठावाचा मार्ग स्वीकारला आणि डांगे पुन्हा स्थानबद्ध झाले. १९४९ मध्ये त्यांचा प्राचीन भारतीय समाजावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. आदिम साम्यवादापासून गुलामगिरीपर्यंतची वाटचाल त्यात वैदिक साहित्याच्या आधारे मांडली आहे. थोर गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी हे स्वतः मार्क्सवादी असूनही त्यांनी या ग्रंथावर कठोर टीका केली. पुरावे तपासण्यापूर्वी निष्कर्ष ठरवले आहेत, असा त्यांच्या टीकेचा आशय होता.

उठावाचा मार्ग अपयशी ठरल्यावर फेब्रुवारी १९५१ मध्ये अजय घोष, डांगे, सी. राजेश्वर राव व एम. बसवपुन्नय्या हे चार नेते गुप्तपणे मॉस्कोस गेले व स्टालिन यांना भेटले. या भेटीनंतर पक्षाने नवा कार्यक्रम स्वीकारला, तेलंगणातील सशस्त्र लढा मागे घेतला आणि संसदीय निवडणुकांची वाट धरली.

संयुक्त महाराष्ट्राचा लढा

फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. एस. एम. जोशी, आचार्य प्र. के. अत्रे, केशवराव जेधे, दादासाहेब गायकवाड, उद्धवराव पाटील अशा परस्परविरोधी विचारांच्या नेत्यांसमवेत डांगे समितीच्या अग्रणी नेत्यांपैकी होते. मुंबईसह महाराष्ट्र ही मागणी भाषिक होती, परंतु डांगे यांनी ती गिरणगावाशी जोडली. ज्यांच्या श्रमावर मुंबई उभी राहिली त्या मराठी कष्टकऱ्याचा या शहरावर हक्क आहे, ही मांडणी कामगारांना पटली. शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्या कलापथकाने तीच गोष्ट पोवाडे व लोकनाट्यांतून गावोगावी पोहोचविली. या आंदोलनात शंभराहून अधिक जण हुतात्मा झाले.

१९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत समितीने मुंबई व पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर धक्का दिला. डांगे मुंबईतून लोकसभेवर निवडून आले. वऱ्हाड व नागपूर भागात मात्र चित्र निराळे होते. तेथे यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे व अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी यांच्यासारखे मातब्बर नेते स्वतंत्र विदर्भाच्या बाजूने होते. विदर्भात काँग्रेसचे वर्चस्व टिकले. तरीही नागपुरातून अर्धेन्दु भूषण बर्धन विधानसभेवर निवडून आले. पुढे हेच बर्धन भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झाले. १ मे १९६०, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार दिनी, महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. डांगे यांच्या लोकप्रियतेचा हा कळस होता.

पक्षाध्यक्षपद व चीनचा प्रश्न

जानेवारी १९६२ मध्ये सरचिटणीस अजय घोष यांचे निधन झाले. पक्षात तोवर दोन प्रवाह स्पष्ट झाले होते. काँग्रेसमधील पुरोगामी गटाशी सहकार्य करावे असे एका प्रवाहाचे मत होते; काँग्रेसला मुख्य विरोधक मानावे असे दुसऱ्याचे. तडजोड म्हणून अध्यक्षपद नव्याने निर्माण करून ते डांगे यांना, तर सरचिटणीसपद ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांना देण्यात आले. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत डांगे पराभूत झाले होते. पक्षाच्या सर्वोच्च पदावर ते पोहोचले तेव्हा मतदारसंघ हातून सुटलेला होता.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने भारतावर आक्रमण केले. मॉस्को व पेकिंग यांच्यातील वैचारिक वाद तेव्हा विकोपाला गेला होता. १ नोव्हेंबर रोजी पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने चीनच्या आक्रमणाचा निषेध करून देशाच्या संरक्षणास पाठिंबा दिला. डांगे या ठरावाचे प्रमुख पुरस्कर्ते होते. त्यानंतर सरकारने पक्षातील डाव्या गटाच्या शेकडो कार्यकर्त्यांना तुरुंगात टाकले. आपण कोठडीत असताना अध्यक्ष मोकळे आहेत, ही भावना त्या गटात कडवट होत गेली.

पत्रांचा वाद आणि पक्षातील फूट (१९६४)

७ मार्च १९६४ रोजी मुंबईच्या ‘करंट’ या इंग्रजी साप्ताहिकाने काही पत्रे प्रसिद्ध केली. ती डांगे यांनी १९२४ मध्ये कारागृहातून ब्रिटिश सरकारला लिहिली असून, सुटकेच्या बदल्यात सरकारला साहाय्य करण्याची तयारी त्यांत दर्शविली आहे, असा दावा होता. पत्रे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील होती.

डांगे यांनी पत्रे बनावट असल्याचे सांगितले. पत्रांखालील सहीत ‘श्रीपाद’ऐवजी ‘श्रीपत’ असे नाव आहे आणि आपले नाव कोणी असे लिहिणार नाही, हा त्यांच्या समर्थकांचा एक मुद्दा होता. शिवाय डांगे यांनी चार वर्षांच्या शिक्षेतील बहुतेक काळ भोगला होता, याकडेही ते लक्ष वेधीत. विरोधकांचे म्हणणे असे की कागदपत्रे सरकारी दप्तरातील आहेत, म्हणून अध्यक्षांनी पद सोडून निष्पक्ष चौकशीस सामोरे जावे.

एप्रिल १९६४ मध्ये राष्ट्रीय परिषदेच्या बैठकीत याच मुद्द्यावर पेच निर्माण झाला. आपल्यासंबंधीच्या चर्चेच्या वेळी डांगे यांनी अध्यक्षस्थानी बसू नये, ही मागणी मान्य झाली नाही. ११ एप्रिल रोजी बत्तीस सदस्य सभात्याग करून बाहेर पडले. उरलेल्या परिषदेने नेमलेल्या चौकशीत डांगे निर्दोष ठरले, परंतु बाहेर पडलेल्यांनी तो निर्णय मानला नाही. जुलैमध्ये तेनाली येथे त्यांचे अधिवेशन झाले आणि कलकत्त्यात ३१ ऑक्टोबर ते ७ नोव्हेंबर १९६४ या काळात मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाची स्थापना झाली. कानपूर खटल्यातील डांगे यांचे सहआरोपी मुझफ्फर अहमद आणि मुंबईचे रणदिवे हे दोघेही त्या पक्षात गेले.

पक्ष केवळ पत्रांमुळे फुटला असे म्हणणे अपुरे होईल. चीन, सोव्हिएत संघ आणि काँग्रेस या तिन्ही प्रश्नांवरील मतभेद जुने होते. पत्रांनी त्या मतभेदांना विश्वासघाताच्या संशयाचे रूप दिले. तात्त्विक मतभेदावर तोडगा निघू शकतो. संशयावर निघत नाही. फुटीनंतर नंबुद्रीपाद केरळमध्ये आणि ज्योती बसू बंगालमध्ये नव्या पक्षाचे नेते म्हणून पुढे आले. डांगे मात्र जुन्या पक्षाचे नाव व मॉस्कोची मान्यता घेऊन मागे राहिले.

काँग्रेसशी सहकार्य व आणीबाणी

१९६७ मध्ये डांगे पुन्हा लोकसभेवर निवडून आले. १९६९ मध्ये इंदिरा गांधी यांनी बँकांचे राष्ट्रीयीकरण केले व काँग्रेस फुटली, तेव्हा डांगे यांना आपल्या सिद्धान्ताची प्रचीती आल्यासारखे वाटले. ऑगस्ट १९७१ च्या भारत-सोव्हिएत मैत्री कराराने या धोरणास आणखी बळ दिले. १९७४ मध्ये सोव्हिएत संघाने त्यांना ‘ऑर्डर ऑफ लेनिन’ हा सन्मान दिला.

जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली. प्रतिगामी शक्तींना रोखण्यासाठी ती आवश्यक आहे, अशी भूमिका घेऊन भारतीय कम्युनिस्ट पक्षाने तिला पाठिंबा दिला. १९२९ मध्ये स्वतः विनाकारण स्थानबद्ध झालेल्या पिढीने हजारो राजकीय कार्यकर्त्यांच्या स्थानबद्धतेचे समर्थन करावे, ही विसंगती अनेकांना खटकली. संपांवरील बंधने व कामगारांच्या बोनसमधील कपात यांमुळे आयटकची कुचंबणा झाली. १९७१ मध्ये लोकसभेत २३ जागा असलेला पक्ष १९७७ मध्ये ७ जागांवर आला.

गिरणगावातील ओहोटी

याच काळात डांगे यांचा मूळ आधारही ढासळत होता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यान्वये गिरणी कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार एका मान्यताप्राप्त संघटनेस मिळे, आणि ती मान्यता काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. जून १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने जागविलेली मराठी अस्मिता आता लाल बावट्याच्या विरोधात उभी राहिली. ५ जून १९७० रोजी परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे वामनराव महाडिक विजयी झाले आणि त्या पक्षाचे पहिले आमदार ठरले. १९७४ च्या मध्य मुंबईतील लोकसभा पोटनिवडणुकीत डांगे यांच्या कन्या रोझा देशपांडे निवडून आल्या, परंतु हे यश टिकाऊ ठरले नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांतील ऐतिहासिक संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगारांनी नेतृत्वासाठी डॉ. दत्ता सामंत यांची निवड केली. १९२८ मध्ये ज्या भागाने डांगे यांना नेता केले, त्याच भागात आता त्यांची संघटना दुय्यम झाली होती.

निष्कासन व अखेरची वर्षे

१९७८ च्या भटिंडा अधिवेशनात पक्षाने आणीबाणीचा पाठिंबा ही चूक होती, असे मान्य केले. डांगे यांना हे मान्य नव्हते. काँग्रेसशी सहकार्याचे धोरण योग्यच होते, या मतावर ते ठाम राहिले. पुढे त्यांनी अध्यक्षपद सोडले. रोझा देशपांडे व इतर समर्थकांनी अखिल भारतीय कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला. डांगे त्याकडे झुकल्यावर १९८१ मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षाने त्यांचे सदस्यत्व रद्द केले. त्या वेळी त्यांचे वय एक्क्याऐंशी वर्षांचे होते. नव्या पक्षाचा व्याप मोठा झाला नाही. याउलट डांगे यांना वगळलेल्या पक्षाचे सुदाम देशमुख १९८९ मध्ये अमरावती मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले.

२२ मे १९९१ रोजी मुंबईत डांगे यांचे निधन झाले. आदल्याच रात्री राजीव गांधी यांची हत्या झाली होती. त्या आघाताच्या बातम्यांत एका वयोवृद्ध कामगार नेत्याच्या मृत्यूची वार्ता मागे पडली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सोव्हिएत संघही विसर्जित झाला.

कुटुंब

डांगे यांच्या पत्नी उषाताई डांगे याही कामगार चळवळीत होत्या. गिरण्यांतील स्त्री कामगारांच्या संघटनेत त्यांनी काम केले. ‘पण ऐकतं कोण?’ हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध आहे.

मूल्यमापन

क्रांतीच्या पहिल्या पिढीचे भवितव्य सर्वत्र सुखाचे झाले नाही. रशियात झिनोव्हिएव यांना १९३६ मध्ये आणि बुखारिन यांना १९३८ मध्ये त्यांच्याच राजवटीने खटला चालवून देहदंड दिला. मानवेंद्रनाथ रॉय यांची १९२९ मध्ये कॉमिन्टर्नमधून हकालपट्टी झाली. डांगे यांच्या वाट्याला देहदंड आला नाही. संशय, फूट व निष्कासन आले. भारतातील लोकशाही चौकटीमुळे त्यांना आपली बाजू शेवटपर्यंत मांडता आली, हा या दोन इतिहासांतील महत्त्वाचा फरक होय.

डांगे यांचे समर्थक त्यांना दूरदर्शी मानतात. त्यांच्या मते कम्युनिस्टांनी राष्ट्रीय प्रवाहापासून तुटू नये हे त्यांनी लवकर ओळखले, आणि संयुक्त महाराष्ट्राचा विजय हा त्या धोरणाचाच विजय होता. टीकाकारांच्या मते संयुक्त महाराष्ट्रात त्यांनी सत्तेविरुद्ध लढणाऱ्या जनतेशी आघाडी केली होती, तर आणीबाणीत त्यांनी जनतेविरुद्ध उभ्या राहिलेल्या सत्तेशी आघाडी केली. दोन्हींना ‘आघाडी’ हा एकच शब्द लावता येत असला, तरी आशय भिन्न आहे. १९५७ मध्ये गिरणगाव डांगे यांच्यासोबत होते; १९७७ मध्ये ते दूर गेलेले होते. डांगे यांच्या उत्कर्षाची व अपकर्षाची मीमांसा करताना अभ्यासकाला या वीस वर्षांतील अंतर मोजावे लागते.

१० डिसेंबर २००४ रोजी संसद भवनाच्या आवारात तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत डांगे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. ब्रिटिश सरकारने ज्यास राजद्रोही ठरविले आणि पक्षाने ज्यास बाहेर काढले, त्या नेत्यास स्वतंत्र भारताच्या संसदेत स्थान मिळाले.